‘रिटायर झाल्यावर बघू’ : देवाला दिलेली ही तारीख कोण पाळतं?

नीराकाठ · रविवार, रात्री ९:१२

माउलींची पालखी आमच्या अंगणावरून जाते म्हटलं तरी चालेल. नीरेत पादुकांना स्नान होतं आणि मुक्काम लोणंदला पडतो. आम्हांला वारीसाठी रजा नको, तिकीट नको, उंबरा ओलांडला की वारी. तरी गावातली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला उभी राहून चहा-बिस्किटं वाटतात आणि म्हणतात, पुढच्या वर्षी नक्की चालायचं. पोरीचं लग्न होऊ दे, स्लॅब पडू दे, ऊस कारखान्याला जाऊ दे, पेन्शन सुरू होऊ दे. (चहा वाटणं ही सेवाच आहे, तिला नावं ठेवत नाहीये.)

मग २०२० आलं. पादुका एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या, रस्ता मोकळा. २०२१ लाही तेच. विठ्ठलाचं मंदिर मार्चमध्ये बंद झालं ते दिवाळीच्या पाडव्याला उघडलं, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप. २०२२ ला वारी परत पायी निघाली तेव्हा आमच्या आळीतले ‘पुढच्या वर्षी’वाले काही जण उरलेच नव्हते.

प्रश्न वारीपुरता नाही. नाम असो, वाचन असो, एकादशी, माळ, नाहीतर रोज थोडा वेळ गप्प बसणं. देवाचं म्हणून जे काही असेल ते आपण म्हातारपणावर का टाकतो? गावोगाव भागवत सप्ताह होतात. परीक्षिताला तक्षक डसायला सात दिवस होते म्हणून सात दिवसांचा सप्ताह. पण शुकाचार्य त्याला अगदी सुरुवातीलाच खट्वांग राजाचा दाखला देतात, तो मांडवात हमखास घाईत उरकला जातो. खट्वांगाने देवांना विचारलं, माझं आयुष्य किती उरलं? उत्तर मिळालं, एक मुहूर्त. आपल्या घड्याळात ४८ मिनिटं. तेवढ्यात त्याने सगळं सोडून हरीला धरलं. शुक म्हणतात, राजा, तुझ्याकडे तर अजून सात दिवस आहेत. हे ऐकताना सगळ्यांच्या माना डोलतात, आणि पंगत बसली की पुन्हा स्लॅबचा विषय.

माझं मत सांगतो, मग तुम्ही झोडा. नोकरीत असताना ज्याला दिवसातली दहा मिनिटं देवासाठी काढता आली नाहीत, त्याला निवृत्तीनंतरचे मोकळे दहा तासही पुरत नाहीत. पेन्शनवाले पाहतोय ना रोज. पतसंस्थेची निवडणूक, नातवाची शाळेची बस, बीपीच्या गोळ्या, आणि संध्याकाळी पारावर राजकारण. वेळ आला, सवय कुठून येणार?

---

खडूस_आजोबा · रविवार, रात्री ९:५०

पेन्शनवाला हजर आहे. पतसंस्थेची निवडणूकही लढवली आणि पडलो.

धाग्याचा सूर पटला नाही. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास हा क्रम ज्यांनी लावला ते काय बिनडोक होते? आधी शिका, मग संसार करा, पोरं मार्गाला लावा, मग देव. चाळिशीतला माणूस कर्जाचे हप्ते थकवून टाळ कुटत बसला तर त्याला भक्त म्हणायचं की पळपुटा? प्रत्येक गोष्टीला वय असतं.

---

चंद्रभागेचं_वाळवंट · रविवार, रात्री १०:२०

आजोबा, क्रम सांगणाऱ्यांनीच क्रम मोडायची सोयही करून ठेवली आहे. जाबालोपनिषदात आधी चारी आश्रमांचा क्रम येतो आणि लगेच पुढे ‘यदहरेव विरजेत् तदहरेव प्रव्रजेत्’. ज्या दिवशी मन उठलं त्याच दिवशी नीघ. प्रल्हाद तर दैत्यांच्या पोरांना वर्गातच सांगतो की भागवतधर्म कुमारवयातच आचरावा, माणसाचा जन्म दुर्मिळ आणि त्यातही टिकाऊ नाही. सातव्या स्कंधात आहे. गुरुजी बाहेर गेल्यावर पोरांना गोळा करून सांगितलंय हे, म्हणून मला तो प्रसंग फार आवडतो.

आणि वयाचंच म्हणाल तर ज्ञानेश्वरी नेवाशाला १२९० मध्ये सांगितली गेली आणि १२९६ मध्ये माउलींनी आळंदीला समाधी घेतली, वय एकवीस. ज्यांच्या पादुकांमागे सत्तरीची माणसं चालतात ते कधी तिशी पाहिलेलेही नाहीत.

हप्त्यांबद्दल: तुकोबा सावकारी घरातले. १६३० च्या दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला. नंतर येणी असलेल्या खतांचे (कर्जरोख्यांचे) दोन वाटे केले, भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. लक्षात घ्या, बुडवलं ते स्वतःचं येणं होतं. लोकांचं देणं नाही बुडवलं. त्यामुळे ‘हप्ते थकवून’ हा आरोप इथे लागू होत नाही.

---

जात्यावरची · रविवार, रात्री ११:०५

सगळे पुरुष बोलताय म्हणून मध्ये पडते.

तुकोबा डोंगरावर गेले त्याच दिवशी गेले, थांबले नाहीत, मान्य. पण डोंगरावर भाकरी घेऊन जिजाई चढत होती. घरी पोरं होती, चूल होती. एकाचं ‘आत्ताच’ दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर बसतं, हे कीर्तनात सांगतात ते जिजाईला कजाग ठरवून हशा पिकवण्यापुरतं. मला त्या हशाचा राग येतो.

बायकांनी पुढे ढकललं असं म्हणणंच चुकीचं आहे, त्यांना ढकलायला लावलं जातं. सासूचं आजारपण, दहावीचं वर्ष, सुनेचं बाळंतपण. माझ्या आईचा देव ‘सगळ्यांची जेवणं झाल्यावर’ या वेळेला यायचा, आणि तोवर तिचे डोळे मिटायचे.

तरीही ज्या थांबल्या नाहीत त्यांच्याकडे बघा. शिऊरच्या बहिणाबाईंचं लग्न लहानपणीच झालं होतं, तुकोबांचा ध्यास लागला तेव्हाही त्या पोरवयातच होत्या. नवरा मारायचा. त्याला आवडेल तेव्हा करू असं त्या म्हणाल्या असत्या तर एक अभंग हाती लागला नसता. जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करत होती, तिला सुट्टी कोण देणार? तिने दळतानाच गायलं. म्हणून मला वाटतं की ‘वेळ काढा’ हा सल्ला निम्म्या लोकांना लागूच पडत नाही. आहे त्या कामातच नाम घुसवायला लागतं.

---

नीराकाठ · रविवार, रात्री ११:३०

ताई, तुमच्या प्रतिसादानंतर माझं ‘दहा मिनिटं काढा’ हे घरात कुणीतरी दुसरं स्वयंपाक करत असताना लिहिलेलं वाटतंय. जिजाईबद्दल शंभर टक्के.

---

विवेकनिष्ठ · सोमवार, सकाळी ८:०२

‘आजच करा, उद्याचा भरवसा नाही’ हे मी विमा एजंटाकडूनही ऐकलंय. आधी मरणाची भीती घालायची आणि मग माल विकायचा. मृत्यू नसता तर तुमच्यापैकी किती जणांना देव लागला असता?

गाडगेबाबांनी देवळात जाऊन दर्शन घेतलं नाही. पंढरपुरात आले की रस्ते झाडायचे. चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, कारण चालून आलेल्या दलित वारकऱ्याला टेकायला जागा नव्हती. घाई करायचीच असेल तर भुकेलेल्यासाठी करा. आपला मोक्ष ही फार खासगी बाब झाली.

---

चंद्रभागेचं_वाळवंट · सोमवार, सकाळी ८:४१

गाडगेबाबांचं उदाहरण मात्र धाग्याच्या बाजूने जातं. १९०५ मध्ये घर सोडलं तेव्हा ते तिशीच्या आतले होते. आणि खराटा खाली ठेवला की रात्री कीर्तन, त्यात ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’ हा गजर. देवळात गेले नाहीत आणि देवाचं नावही सोडलं नाही. तुम्ही अर्धेच बाबा घेतलेत. आमचे काही लोक उरलेले अर्धे घेतात, तेही तितकंच चूक.

---

पायरीजवळ · सोमवार, दुपारी १:१५

बराच वेळ वाचतोय. उशीर आपणच करतो असं धरून सगळे बोलताय. आमच्या घरात उशीर लादलेला होता.

आजोबा आषाढीला पंढरपूरला जायचे, महाद्वारापर्यंत. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, तिथे डोकं टेकायचं आणि मागे फिरायचं. आत नाही. १ मे १९४७ ला साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, १० तारखेला सुटलं, आणि मंदिर आम्हांला उघडलं. स्वातंत्र्याच्या जेमतेम तीन महिने आधी. आजोबा आत गेले तेव्हा त्यांचे केस पिकायला लागले होते. त्यांची आई आत न जाताच गेली.

चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करत असताना भिंत कोसळून गेले, साल १३३८ सांगतात. वेठीचं काम. त्यांना देवासाठी वेळ कुणी दिला होता? ढिगाऱ्यातली त्यांची हाडं नामदेवांनी विठ्ठलनामाच्या आवाजावरून ओळखली अशी कथा आहे. कथा खरी-खोटी करत बसणार नाही. पण आत यायला बंदी असलेल्या माणसाने बंदी उठायची वाट पाहिली नाही, हे त्या कथेच्या पोटात आहे.

आज दार उघडं असताना लोक ‘रांग फार असते हो’ म्हणून टाळतात, तेव्हा मला हसायला येतं. विवेकनिष्ठ, तुमचा प्रश्न मला मान्य आहे, उत्तर मात्र नाही. आजोबांना मरणाची भीती नव्हती. त्यांना विठोबाचे पाय हवे होते.

---

विवेकनिष्ठ · सोमवार, दुपारी २:३०

पायरीजवळ, यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. वाचून थांबलो.

---

रात्रपाळी · मंगळवार, पहाटे ४:२०

मी नर्स आहे, बरीच वर्षं अशा वॉर्डात की जिथून माणसं क्वचितच घरी जातात. ‘शेवटच्या क्षणी नाव घेऊ’ याबद्दल थोडं सांगते, कारण ते मी जवळून पाहते.

तो शेवटचा क्षण सिनेमात असतो तसा नसतो. नातेवाईक भोवती, पेशंट शुद्धीत, दोन वाक्यं बोलून मान टाकतो, असं मी फार कमी पाहिलंय. बहुतेक जण आधी एक-दोन दिवस गुंगीत असतात. वेदनेसाठी औषध चालू असतं, श्वास घरघरतो, बोलणं थांबलेलं असतं. त्याआधी जी बडबड होते तीत आयुष्यभराचं जे मुरलेलं तेच वर येतं. एसटीत कंडक्टर असलेले एक काका रात्रभर ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणत होते. एक बाई गॅस बंद केला का, एवढंच विचारायच्या. यात हसण्यासारखं काही नाही, त्यांनी आयुष्यभर इमानाने तेच केलं होतं.

आणि एक आजी. पोरांची नावं विसरलेल्या, मला कधी बहीण समजायच्या कधी सून. पण संध्याकाळ झाली की ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी’ सुरू व्हायचं आणि हरिपाठाचे अभंगामागून अभंग, एक शब्द इकडचा तिकडे नाही. शिकलेलं गाणं आठवणीच्या वेगळ्याच कप्प्यात राहतं असं डॉक्टर म्हणतात. असेलही. पण ते कप्प्यात गेलं कधी? तरुणपणी.

धार्मिक म्हणावी अशी मी नाही. ड्युटीवर जाताना बसमध्ये हरिपाठ मात्र म्हणते, त्या आजींमुळे.

---

चंद्रभागेचं_वाळवंट · मंगळवार, सकाळी ७:५५

रात्रपाळीताई, गीतेच्या आठव्या अध्यायात हेच आहे. जन्मभर मनाने जे धरलं तेच मरताना समोर येतं. आणि म्हणून पुढच्याच श्लोकात भगवान सांगतात की सर्व काळी माझं स्मरण ठेव आणि युद्धही कर. खडूस_आजोबा, यात घर सोडायचं कुठे आलं? रणांगणावरसुद्धा ‘आधी लढाई संपव, मग माझं बघू’ असं नाही म्हटलेलं.

आता कुणीतरी अजामिळ काढेलच, मरताना मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारली आणि सुटला, म्हणून आधीच लिहून टाकतो. कीर्तनात गोष्ट तिथेच थांबवतात. भागवतात पुढे आहे. यमदूत परत गेले, अजामिळ त्या वेळी मेलाच नाही. तो उठला, केलेल्या गोष्टींचा पश्चात्ताप झाला, घरदार मागे टाकून गंगाद्वाराला गेला, तिथे साधना केली आणि मग देह ठेवला. ऐनवेळच्या नावाने त्याला सवलत मिळाली ती साधनेला लागायची.

---

खडूस_आजोबा · मंगळवार, सकाळी ९:१०

अजामिळाचं हे माहीत नव्हतं. सत्तरी गाठेपर्यंत कुणा बुवाने सांगितलं नाही. बिदागी परत मागायला हवी.

---

बावखल · मंगळवार, रात्री ८:३५

वसईतून. आम्ही ख्रिस्ती, पण धागा ओळखीचा वाटला म्हणून लिहितो.

लूकच्या शुभवर्तमानात एका शेतकऱ्याचा दाखला आहे. पीक उदंड आलं, ठेवायला जागा नाही. म्हणाला, जुनी कोठारं पाडतो, मोठी बांधतो, मग जिवाला सांगतो की खा, पी, आराम कर. देव म्हणाला, मूर्खा, आज रात्रीच तुझा जीव मागून घेतील. नीराकाठांच्या गावचा स्लॅब वाचून हाच आठवला. आमच्याकडे आता कोठारं नाहीत, वाड्या विकून टॉवर झालेत, पण माणूस तोच आहे.

उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या जाळून ती राख करतात. फादर कपाळाला लावतात आणि म्हणतात, तू माती आहेस, मातीला मिळशील. रांगेत कडेवरच्या बाळालाही लावतात. मागे उभं राहून ते बाळाच्या कपाळावरचं पाहिलं की वयाचा हिशेब गळून पडतो.

क्रुसावरच्या चोराला शेवटच्या घटकेला स्वर्ग मिळाला, म्हणून आमच्यातही ‘मग बघू’वाले आहेत. त्यांना आमचे जुने फादर विचारायचे, तिथे चोर किती होते? दोन. दुसऱ्यालाही तेवढाच वेळ होता.

---

आरणचा_पाव्हणा · मंगळवार, रात्री ९:४०

समदं वाचलं. एक गोष्ट राहिली बघा. आमच्या माढा तालुक्यातल्या आरणला सावता महाराजांची समाधी. महाराज पंढरीला गेलेच न्हाईत म्हणत्यात. मळा सोडून जायाचं कसं? कांदा, मुळा, भाजी हीच विठाई. मग पांडुरंगाचीच पालखी आरणला येती दरसाल.

तवा वारी चुकली म्हंजी देव चुकला असं न्हाई. पन सावता महाराजांचं नाव सांगून घरी बसणारे लई झालेत. कामातच देव हाय म्हणायचं, आन् मोटर चालू करताना तोंडात शिवी. सावता माळ्याच्या मळ्यात नाम होतं राव, नुसता कांदा नव्हता.

---

ओवी_परदेशी · बुधवार, सकाळी ६:०५

पाव्हणं, शेवटच्या वाक्याला टाळ्या.

न्यू जर्सीहून. आमचा काही बायकांचा फोनवर हरिपाठ असतो. एकीची सकाळ, एकीची रात्र, एक गाडी चालवत असते, एकीच्या मागे कुकरची शिट्टी. सुरुवातीला कुणीतरी म्हणालं, ही काय वेळ झाली का हरिपाठाची? त्यावर हरिपाठातलंच उत्तर दिलं, ‘काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं’. तेव्हापासून तो प्रश्न कुणी काढला नाही. मुलं कॉलेजला गेली की सुरू करू असं ठरवलं असतं तर आमच्यातली एक आज या गटात कधीच आली नसती. ती गेल्या हिवाळ्यात गेली. तिचा अभंग आता आळीपाळीने म्हणतो.

---

पहिल्यांदाच_लिहिते · बुधवार, दुपारी १२:१०

नमस्कार. आईचं वय ६८, गुडघे दुखतात. वीस वर्षं ‘एकदा वारी’ म्हणतेय. हा धागा तिला वाचून दाखवला तर म्हणाली, मग याच वर्षी. आता मी घाबरलेय. एक दिवस चालता येतं का? पुण्यात राहतो. दिवे घाट करावा का?

---

नीराकाठ · बुधवार, दुपारी १२:४०

दिवे घाट नको. पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा, वर चढ, आणि त्या दिवशी बहुतेकांचा एकादशीचा उपास. फोटो पाहून लोक तोच दिवस निवडतात आणि पायाला फोड घेऊन परततात.

लोणंद ते तरडगाव करा. टप्पा लहान, रस्ता सपाट, आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, माउलींचा अश्व दौडताना दिसेल. आदल्या रात्री लोणंदला या. संध्याकाळची समाजआरती चुकवू नका. चोपदाराने दंड उंच केला की एवढा मोठा जमाव एकदम शांत होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढ्या दिंडीचे टाळ वाजत राहतात, तिचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय आरती नाही.

एखाद्या दिंडीत नाव दिलंत तर जेवणाची भिशी भरावी लागेल, एक दिवसासाठी गरज नाही. आईंना दमल्यासारखं झालं तर टेम्पो असतातच, त्यात बसायला लाजू नका.

---

रात्रपाळी · बुधवार, दुपारी ३:०५

रोजच्या गोळ्या पिशवीत ठेवू नका, आईंच्या अंगावरच्या खिशात ठेवा. गर्दीत पिशवी आणि माणूस वेगळे होतात. चिठ्ठीवर तुमचा फोन लिहून तीही खिशात. सोबत मीठ-साखरेचं पाणी.

---

पहिल्यांदाच_लिहिते · बुधवार, दुपारी ३:२०

खूप आभार. चपला की बूट?

---

खडूस_आजोबा · बुधवार, दुपारी ३:२२

वापरलेल्या चपला. नव्या घेतल्यात तर तरडगावाच्या आधीच हातात येतील. आणि कुणी टाळ पुढे केला तर घ्या, बेताल वाजला तरी तिथे कुणी वळून बघत नाही. मला कसं माहीत ते विचारू नका.